या वर्षी सामना नाही

ज्योतीराम खुर्चीत नीट टेकून बसलेला मी कधी पाहिला नाही. कडेवर टेकतो, पाय हलवत राहतो, आणि चहा अर्धा असतानाच कप घेऊन गॅलरीत जातो. पिंपरीच्या एका कंपनीत तो फिटर होता, आणि कंपनीच्या फुटबॉल संघाचा कप्तान आणि गोलकीपर. मी त्याच कंपनीत स्टोअरला, आणि दरवर्षी कामगार नाट्यस्पर्धेत राजा. राजाला प्रवेश संपला की विंगेत जाऊन मुकुट काढता येतो. गोलकीपरला ते सुख नाही. चेंडू पार पलीकडे असला तरी तो आपला उभाच.

२००३ साली कंपनीला टाळं लागलं. संघ बंद करण्याचा कागद कप्तानानेच लिहायचा होता. ज्योतीरामने लिहिलं, 'संघ बरखास्त करण्यात येत आहे.' बचावफळीतला सावळाराम, चाकणजवळच्या खेड्यातला शेतकरी गडी, तो कागद वाचून उठला आणि निघून गेला. तेव्हापासून त्याने ज्योतीरामशी बोलणं टाकलं. त्याला बावीस वर्षं झाली.

ज्योतीरामची नात निशिगंधा डॉक्टरकी शिकायला आर्मेनियात आहे. ती जिथे भाड्याने राहते त्या घराची मालकीण आनुश ही म्हातारी पूर्वी तिथल्या एका फुटबॉल क्लबात खेळाडूंचे कपडे धुवायची. लेथ मशीन बनवणाऱ्या कारखान्याचा तो क्लब. जुनं राज्य मोडून देश बदलला, कारखाना थांबला, थंडी इतकी की प्रेक्षकांची लाकडी बाकंसुद्धा लोकांनी शेगडीत घातली. क्लबचं दप्तर मात्र आनुशने घरी नेलं. निशिगंधाने आजोबांना फोनवर ते पान पान दाखवलं. तिला तिथली भाषा आता वाचता येते. सामने, गोल, कोणाचा पाय मोडला ते, सगळं त्यात. मग सात पानांवर म्हातारीच्या अक्षरात फक्त एक ओळ: 'या वर्षी सामना नाही.' आठव्या पानावर पुन्हा अकरा नावं.

"क्लब बंद पडला असं का नाही लिहिलं, विचार तिला," ज्योतीराम म्हणाला.

निशिगंधाने विचारून सांगितलं, "आजोबा, ती म्हणते, बंद कुठे पडला होता?"

त्या दिवसापासून तो जो भिरभिरला! संत तुकाराम नगरातल्या दुकानातून त्याने दोनशे पानी वही आणली. जुने सामने आठवून लिहिले. तेवढ्यात ज्येष्ठांच्या फुटबॉल स्पर्धेची जाहिरात लागली: सात जणांचा संघ, अर्जावर प्रत्येकाची स्वतःच्या हातची सही, मुदत शनिवार दुपारपर्यंत. शुक्रवारपर्यंत सहा सह्या झाल्या. बाकीचे कोणी गावी परतले, कोणी मुलाकडे बंगळूरला, कोणी वरती. उरला एक सावळाराम.

"राजे, तुम्ही चला," ज्योतीराम मला म्हणाला. "माझ्यावर दार लावलं तर तुमच्यासाठी उघडेल."

चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत आम्ही पाऊण तास अडकलो. तेवढ्यात ज्योतीराम तीनदा स्कूटरवरून उतरला. एकदा तर स्कूटर मला धरायला देऊन सिग्नलपर्यंत चालत जाऊन आला. पहिल्या प्रवेशाआधीच्या नटांनाही मी इतकं घामाघूम पाहिलेलं नाही.

सावळाराम ओट्यावर शेंगा फोडत होता. "या राजे," म्हणाला. ज्योतीरामकडे पाहिलं नाही. गवराबाई, त्याची बायको, ताक घेऊन आली.

"बसा की, भावजी."

"बसतोय कशाचा त्यो," सावळाराम म्हणाला. "पेनल्टीला तेवढा बसायचा. चेंडू गेल्यावर."

ज्योतीराम अंगणात फेऱ्या मारायला लागला. "सावळ्या, एक सही पाहिजे."

"बरखास्त संघाला सही कशाला? बरखास्त कुनाला करत्यात? चोरी केली, ढोसून कामावर आला, त्याला. आमी काय केलं व्हतं?"

"गेटवरच्या नोटिशीतून उचलला रे तो शब्द. तेव्हा मला दुसरा ठाऊक नव्हता."

"आन् आता ठाऊक झाला व्हय?"

ज्योतीरामने वही पुढे केली. सावळारामने चष्मा लावला. जुने सामने वाचताना दोनदा नाकातून हसला. पुढे २००३ आलं, २००४ आलं. तो एकेक पान उलटत गेला.

"पानापानावर येकच. खेळ न्हाई तर लिवायचं कशाला?"

"संघ आहे म्हणून," ज्योतीराम म्हणाला. "निशीच्या तिकडे एक म्हातारी असंच लिहायची. सात वर्षं लिहिलं तिने. मग गडी आले."

सावळाराम पानं उलटत राहिला आणि २०१६ला थांबला.

"ह्ये खोटं हाय."

ज्योतीरामची फेरी थांबली. "काय खोटं?"

"त्या साली आमच्या थोरल्या पोराची हळद. जुन्या गड्यांस्नी समद्यांस्नी पत्रिका धाडल्या व्हत्या, तुलाबी. पाठच्या वावरात पाव्हण्यांच्या पोरांसंगं खेळलो न्हाई आपुन? सा-सा गडी."

"तू बोलला नव्हतास माझ्याशी त्या दिवशी."

"बोललो न्हाई. पर खेळलो का न्हाई?" त्याने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, 'या वर्षी सामना नाही' ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'आपण ३, पाव्हणे ४.' मग पेनाचं टोक ज्योतीरामकडे रोखलं. "चौथा गोल तुज्यामुळं."

"तू वाटेत उभा होतास. मला चेंडू दिसलाच नाही."

"डोळं मिटून उभा व्हतास."

"गवरावहिनी, तुम्ही सांगा, हा कुठे उभा होता?"

"मी पुऱ्या तळत व्हते, बाई."

मी गुपचूप अर्ज वहीवर सरकवला. सातव्या ओळीत सावळारामने सही केली तेव्हा वाद चालूच होता. त्या गडबडीत ज्योतीराम ओट्यावर भिंतीला पाठ लावून कधी बसला, ते मला कळलंच नाही.