पाचव्या माळेची धाव

शाळा मी आठवीत सोडली, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. गाझियाबादला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. स्वभाव घाबरट, खोलीला कुलूप लावलं की चारदा ओढून बघणारा. माझी भक्तीसुद्धा निम्मी भीतीच होती, हे आता कबूल करतो.

गावी नवरात्रात आई घट बसवते. यंदा तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेही नेमकं सहाव्या माळेला. फोनवर म्हणाली, "यंदा घट तू तिथे खोलीवर बसव. नऊ दिवस दिवा तेवढा विझू देऊ नको." विझला तर काय, हे ती बोलली नाही. ते माझं मीच जोडून घेतलं: दिवा गेला की आईचा डोळा गेला.

आदल्या दिवशी, पाचव्या माळेच्या रविवारी, कारखान्याने कामगारांची पाच किलोमीटरची शर्यत ठेवली. सुपरवायझरने माझं नाव परस्पर लिहून टाकलं. "गिनती पूरी करनी है यार, पैदल चल लेना." मला उपवास, त्यात पाय अनवाणी, कारण नवरात्रात आमच्यात चप्पल घालत नाहीत. तरी हो म्हणालो. नाही म्हणायचीही मला भीती वाटते.

शर्यत कारखान्याच्या गेटपासून सुरू होऊन माझ्या खोलीजवळच्या पार्कात संपणार होती. शिट्टी वाजायला दोन मिनिटं असताना आठवलं. सकाळी तेलाची बाटली हातात घेतली, तेवढ्यात "कहाँ है, जल्दी आ" म्हणून सुपरवायझरचा फोन आला आणि बाटली तशीच खाली ठेवली. दिव्यात तेल घातलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला हात केला, तर तो म्हणाला, "रास्ता बंद है भैया. रेस है."

म्हणजे आता पळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी पळालो. शर्यत डोक्यात नव्हतीच. "देवीआई, वात धरून ठेव, आलोच," एवढंच तोंडात. भारी बुटांची पोरं एकेक करून मागे पडत गेली. एकजण ओरडला, "अबे, ये तो पैदल चलने आया था." पाणी पुढे करणाऱ्याला मी पळतापळताच नमस्कार केला. पार्कात फीत छातीला लागली, ती तशीच अंगावर घेऊन मी पलीकडच्या फाटकातून गल्लीत शिरलो. मागून सुपरवायझर मेडल हलवत धावतोय, "रुक जा भाई, जीत गया तू, अब तो रुक जा."

खोलीचं दार सताड उघडं. चारदा कुलूप ओढणारा मी, त्या सकाळी कुलूप लावायलाच विसरलो होतो. आत आमच्या घरमालकीण बीजी घटासमोर मांडी घालून बसलेल्या. दिवा शांत तेवत होता.

"दरवाज़ा खुला छोड़ के कहाँ मर गया था? तेरी जोत बुझने लगी थी. मैंने तेल डाल दिया, सरसों का."

मी मटकन खाली बसलो आणि रडलो. दारात धापा टाकणाऱ्या सुपरवायझरला वाटलं, जिंकल्याचा आनंद.

डोळे पुसले आणि नवी काळजी लागली: आमच्या दिव्यात गोडंतेल असतं, सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, चालेल का? आईला फोन लावला. ती म्हणाली, "देवीला तिथली हिंदी कळते, मग तिथलं तेल चालणार नाही होय?"

मी याला चमत्कार म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की कुलूप लागलं असतं तर बीजींना आत येता आलं नसतं. ज्या गोष्टी मी जपतो असं समजत होतो, त्यांतली एकही त्या दिवशी मी जपली नव्हती. दिवा मी लावला. सांभाळणारं कुणी वेगळंच होतं. तेव्हापासून कुलूप दोनदाच ओढतो.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर आईने व्हिडिओ कॉल केला. मी फोन घटासमोर धरला. मेडल देवीच्या पायाशी ठेवलं होतं. आईने फोन डोळ्याजवळ घेऊन बघितलं. मग म्हणाली, "वात तिरकी झालीय बघ. सरळ कर."

मी आधी हात जोडले, मग वात सरळ केली.