आधी हात मागे

जुन्या कपाटासमोर उभे राहिले की सर दोन्ही हात पाठीमागे बांधत. मग म्हणत, "आधी हात मागे. बघून घे. कपाटाची घाई चोराला."

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य रेकॉर्ड सांभाळण्यात गेलं. निवृत्तीनंतर इतर कंपन्या जुने कागद लावायला, इतिहासाचं दालन उभारायला त्यांना बोलावू लागल्या. घरच्या गॅलरीत सुरू झालेला हा व्यवसाय मी कामाला लागले तेव्हा अंबडच्या शेडमध्ये गेला होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आमच्याकडे जपायचे कागद म्हणजे रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला. म्हणून भीत भीत विचारलं, "सर, जुन्या कागदांसाठी कंपन्या पैसे का देतात?"

"पन्नाशी आली की कंपनीलाही आपलं बारसं आठवतं!"

एका पंपाच्या कंपनीचं काम चालू होतं. तिथे लेथवर काम केलेले चांदवडचे एक निवृत्त टर्नर चाचा म्हणत, पहिल्या पंपाचं ड्रॉइंग माझं. मालक म्हणाले, "कागदात दिसलं तर भिंतीवर नाव लावू." जुन्या स्टोअरकीपरने प्रत्येक कामगाराच्या कागदांचा वेगळा गठ्ठा बांधला होता. सरांनी मला फक्त यादी करायला सांगितलं. मी दुपारभर खपून सगळे गठ्ठे सोडले आणि कागद तारखेप्रमाणे सुंदर लावून त्याच क्रमाने यादी केली. वाटलं, शाबासकी मिळेल.

सर हात मागे बांधून बघत राहिले. "पहिल्या पंपाचं हे ड्रॉइंग कुणाच्या गठ्ठ्यात होतं?"

त्यावर सही नव्हती, तारीख नव्हती. मला आठवेना.

ते रागावले नाहीत. अहवालात लिहिलं, 'मूळ क्रम आमच्या हातून मोडला.' मी म्हटलं, माझं नाव लिहा. म्हणाले, "दारावर पाटी कुणाची आहे? उद्या चांदवडला चल. चाचांना आपण तोंडाने सांगू."

चाचांनी ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले.

"बेटी, कागद हलला. हात थोडाच हलला? पेन्सिल दे."

त्यांनी ओट्यावर बसून पंप पुन्हा काढला. प्रत्येक मापाखाली दोन रेघा आणि शेवटी एक बारीक टिंब. जुन्या ड्रॉइंगवर तसंच होतं. सरांनी दोन्ही कागद मालकांपुढे शेजारी शेजारी ठेवले. मालकांनी दोन्हींवरच्या रेघा आणि टिंबं ताडून पाहिली. मग चाचांचं पूर्ण नाव विचारलं.

आता शेडमध्ये चार स्कॅनर आहेत, माणसंही वाढलीत. सर मात्र या वर्षी गेले. त्यांचं कपाट लावायचं काम त्यांच्या मुलीने मला दिलं. दार उघडलं. वरच्या कप्प्यात चष्म्याचं घर, त्याखाली माझी ती तारखेप्रमाणे केलेली यादी, तिच्यावर चांदवडच्या एसटीची दोन तिकिटं.

का ठेवलं असेल हे असं, या क्रमाने? मला अजून कळलेलं नाही.

मी हात मागे बांधले आणि बघत राहिले.