मोशेचं मरण कुणी लिहिलं?

कुठलाही मजकूर समोर आला की मोशेमास्तर आधी विचारायचे, "हे लिवलं कुनी?" मग ती लग्नपत्रिका असो, टेम्पोच्या मागची शायरी असो की मोबाईलवर आलेला सुविचार. लिहिणारा कळल्याशिवाय त्यांना वाचलेलं पचतच नसे. संगमनेरजवळच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये ते दर रविवारी मुलांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत. मीही त्यांच्याकडेच शिकलो.

मोशेमास्तर हे नाव मात्र टिंगलीनं पडलं. मोशे म्हणजे बायबलातला जुना संदेष्टा, इंग्रजीतला मोझेस. एका रविवारी ते उपदेशाला उभे राहिले आणि म्हणाले, "बायबलातली पहिली पाच पुस्तकं मोशेनं लिवली म्हनतात. पन पाचव्याच्या शेवटी मोशे मरतो, त्याला पुरतात, लोक रडतात. मेलेला मानूस हे कसं लिवील? मागं राहिलेल्यांनी लिवलं असनार. एकानं न्हाई, लई जनांनी, पिढ्यान्‌पिढ्या." इतक्या मायेनं सांगत होते, की त्यात काही वावगं होतं हे मला घरी वडील चिडले तेव्हाच कळलं.

चर्चच्या पंचांनी त्यांचा वर्ग काढून घेतला. परत मिळायला अट एकच, मंडळीपुढे उभं राहून 'मोशेनंच लिहिलं' एवढं म्हणायचं. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. तो वर्ग हाच त्यांचा गोतावळा. तरी दर शनिवारी ते धडा तयार करत आणि बायकोला, आमच्या काकूंना, ऐकवत. काकूंना अक्षरओळखही नव्हती. त्या म्हणायच्या, "म्हना की एकदा. मोशे काय बघाया येतोय व्हय?"

"मोशे न्हाई येत गं. पन ज्यानं रडत रडत लिवलं, त्याला खोटं पाडू?"

मोडेन पण वाकणार नाही, असा माणूस. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. वर्षं गेली. मुलं मोठी होऊन पुण्याकडे पांगली आणि तो वर्गच बंद पडला. आता मास्तर वाकले असते तरी परत मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. चर्चमधल्या प्रार्थनेत नव्या तरुण पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, नेमका मोशेच्या मरणाचा तोच भाग वाचला आणि समजावून सांगितलं, "मोशेनं आपलं मरण आधीच स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं."

काकू उठल्या. "न्हाई," म्हणाल्या, "मागं राहिलेल्यानं लिवलं."

पाळकांनी त्यांना हळूच धरून खाली बसवलं. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं कुणीतरी कुजबुजलं आणि गीत सुरू झालं.

माती देऊन परतताना कबरस्तानाच्या फाटकापाशी काकूंनी माझा हात धरला. "मागं मीच राह्यले रे," त्या म्हणाल्या, "आनी मला तर लिवता बी येत न्हाई."