फोकस गेला की हात वर

इंचकाकांनी सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि वर तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. बायको समोर बसून बघत होती.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"छान."

"मीठ कमी पडलं असेल तर अजून देते."

काका उठले. कप विसळून पालथा घातला आणि मोजायची टेप खिशात आहे ना, ते चाचपून पाहिलं. बायको म्हणाली, "अहो, किती दिवस लपवणार आहात? डॉक्टर म्हणाला ना, अर्ध्या तासाचं काम आहे."

"हे काम संपू दे. दहा दिवस राहिलेत."

"मागच्या वेळीही दहाच दिवस राहिले होते," ती म्हणाली.

इंचकाका सिनेमातले फोकसवाले. कॅमेरामन चित्र धरतो आणि भिंगाची कडी फिरवून नटाचा चेहरा स्पष्ट ठेवतो तो फोकसवाला. नट एक पाऊल पुढे आला की कडी तेवढीच फिरली पाहिजे. जरा चुकलं की नटाचे डोळे धूसर आणि मागचं कपाट मात्र लख्ख. आता लोक तिकीट काढून कपाट बघायला येतात का? पण चांगलं फिरवलं तर कुणाला पत्ता लागत नाही, आणि चुकलं की सगळ्या गावाला कळतं, असा हा धंदा. पाच फूट सात इंच की आठ इंच, यावरून काका कुणाशीही भांडायचे, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव त्यांच्या सासूबाईंनाही धड आठवत नसे.

बाविसाव्या वर्षी ते या कामात आले, आता एकसष्ट पूर्ण. तेव्हा फिल्मची रीळं होती. आधी तालीम व्हायची. नट जिथे थांबेल तिथे जमिनीवर पट्टी चिकटवायची, कॅमेऱ्यापासून त्याच्या डोळ्यांपर्यंत टेप धरून अंतर मोजायचं, कडीवर पेन्सिलीने खूण करायची आणि मग देवाचं नाव घेऊन फिरवायचं. नीट आलं की नाही ते कुणालाच दिसायचं नाही. फिल्म धुवून यायला दोन दिवस लागायचे आणि तोवर सेट मोडलेला असायचा. म्हणून त्यांच्या उस्तादाने, ज्या कॅमेरामनच्या हाताखाली ते तयार झाले त्याने, पहिल्याच दिवशी दम भरला होता: "फोकस गेला असं वाटलं तर कट म्हटल्याबरोबर हात वर करायचा. शिव्या पडतील, पडू देत. लाज वाटत असेल तर दुसरा धंदा बघ." एरवी जगात हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं. इथे सगळं उलट. हात वर झाला की कितीही मोठा नट असो, तो मुकाट्याने पुन्हा जागेवर जाऊन उभा राहायचा.

मग फिल्म गेली, डिजिटल आलं. चित्र त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर दिसायला लागलं. काकांना वाटलं, चला, जिवाचा घोर गेला. कसला गेला! तेव्हा दोन दिवसांनी घाबरायचं, आता दर सेकंदाला. त्यात ह्या वेब सिरीज. आठ भागांचं चित्रीकरण एका दमात, तालमीला वेळ नाही, जमिनीवर पट्टी नाही. कॅमेरा चाळीस-चाळीस मिनिटं बंदच होत नाही. नवी भिंगं अशी की नाकाचं टोक स्पष्ट असेल तर कान धूसर. फोकसवाल्याने कॅमेऱ्यापासून लांब स्टुलावर बसायचं, हातात भिंगाची कडी लांबून फिरवणारं बिनतारी चाक, पुढ्यात वहीएवढा पडदा, आणि त्यात बघत फिरवायचं. म्हणजे सगळी भिस्त डोळ्यांवर.

आणि डोळ्यांतच मोतीबिंदू. दोन्ही. डॉक्टरने सांगून सहा महिने झाले होते. एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा, मधे विश्रांती. या धंद्यात माणूस दोन महिने दिसला नाही की लोक त्याच्याबद्दल 'चांगला होता' असं बोलायला लागतात. शिवाय काकांना डोळ्याजवळ येणाऱ्या सुरीची भीती वाटायची. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात सिरीज दाखवणाऱ्या कंपनीकडून तपासणीचा कागद आला होता. तीन शॉट धूसर, तिन्ही काकांच्या कॅमेऱ्याचे. कॅमेरामनने तो सगळ्यांसमोर वाचला आणि वाचताना काकांकडे बघायचं टाळलं. मग बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आणखी एक आला ना, तर मला वर उत्तर देता येणार नाही." तेव्हापासून काकांची झोप उडाली होती.

आज बाईंचा शेवटचा दिवस होता. बाई म्हणजे जुन्या नटी. एके काळी नायिका, आता या सिरीजमध्ये आई. काकांनी त्यांचे सहा सिनेमे केले होते. जागा होती पाचव्या मजल्यावरचा भाड्याने घेतलेला फ्लॅट. आवाज नको म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, माणसं घामाने निथळत होती. दिग्दर्शिका स्वयंपाकघरात ओट्याशी कानाला हेडफोन लावून आपल्या पडद्यासमोर बसली होती. शॉट एवढाच: बाई खुर्चीतून उठतात, राहतं घर सोडायचं म्हणून किल्ल्या टेबलावर ठेवतात, कॅमेऱ्याजवळ येतात आणि थांबून बघतात.

"कुठे थांबू?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला वाटेल तिथे थांबा हो. आपण पकडू," दिग्दर्शिका आतून म्हणाली. आपण म्हणजे कोण, तर कोपऱ्यात स्टुलावर बसलेले इंचकाका.

शॉट सुरू झाला. बाई उठल्या. किल्ल्या ठेवताना त्यांनी एक किल्ली जुडग्यातून काढली, पुन्हा अडकवली. असं कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या चालत आल्या, थांबल्या, आणि न रडता अशा बघत राहिल्या की दिवेवाल्याने मान खाली घातली.

"कट. सुंदर. पुढे चला," आतून आवाज आला.

पडद्यावर बाईंचा चेहरा पांढुरका, कडा पुसट. पण काकांना सगळेच चेहरे गेले कित्येक महिने तसेच दिसत होते. डोळे म्हणत होते, असेल बरोबर. बोटं मात्र म्हणत होती, गेला. चाक साडेपाच फुटांवर थांबलं होतं आणि बाई त्याहून चार इंच तरी पुढे आल्या होत्या. एकोणचाळीस वर्षांत बोटं खोटं बोलली नव्हती.

गप्प बसावं का? लोक फोनवर बघतात, बसमध्ये उभ्या उभ्या, कुणाच्या बापाला कळतंय? आणि हात वर करून सांगायचं काय? पुढ्यात पडदा असताना दिसलं कसं नाही, हे कुणीही विचारणार. पण बाई उद्या निघून जाणार होत्या, संध्याकाळी फ्लॅट परत द्यायचा होता, आणि चूक मागाहून कळली तर ती अडकवलेली किल्ली पुन्हा कुठून आणणार?

काकांनी हात वर केला.

कुणीच पाहिलं नाही. दिग्दर्शिका स्वयंपाकघरात, कॅमेरामन कॅमेऱ्यात डोळा घालून, बाकीचे दिवे हलवायच्या घाईत. हा रिवाज माहीत असणारं तरी कोण उरलं होतं? हात तसाच हवेत राहिला. काकांना वाटलं, केला होता वर, कुणी बघितलं नाही, आपला काय दोष, सुटलो. त्यांनी तो हळूच खाली घ्यायला सुरुवात केली.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "त्याचा हात वर आहे."

सगळे थबकले. कॅमेरामनने शॉट मागे नेऊन चित्र मोठं केलं. बाईंचे कान स्पष्ट होते. डोळे धूसर.

दिग्दर्शिका बाहेर आली. "काका, मी अभिनय बघत होते, पण तुमचा पडदा तर त्यासाठीच आहे. मग शॉट चालू असताना सुधारलं का नाही?"

"मला दिसत नाही," इंचकाका म्हणाले. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. ते तीनही माझेच होते."

कॅमेरामन खाली बघत राहिला. काकांनी दोन्ही हात चाकावर दाबून धरले.

"मोजता येतं ना अजून?" बाईंनी विचारलं.

"मोजता येतं."

"मग मोज की. मी काय पळून चाललेय?" असं म्हणून बाई मघाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, आणि पूर्वी करत तसा त्यांनी टेपसाठी हात पुढे केला. काकांनी टेपचं टोक त्यांना दिलं. बाईंनी ते स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलं. काकांनी कॅमेऱ्याशी टेप ताणली, नाकाजवळ आणली, लांब धरली. आकडे लागेनात. शेवटी दिग्दर्शिका वाकली आणि तिने वाचलं, "पाच फूट दोन इंच."

काकांनी बाईंच्या पायाशी पट्टी चिकटवली, कॅमेऱ्यापासून खुर्चीपर्यंतचं आणि टेबलापर्यंतचं अंतरही वाचून घेतलं आणि चाकावर पेन्सिलीने जाड खुणा केल्या. पुढ्यातला पडदा त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवला. उद्याच्या यादीत त्यांचं नाव असेल की नाही, हे ना कुणी सांगितलं, ना त्यांनी विचारलं.

बाई पुन्हा उठल्या. किल्ल्या ठेवल्या, एक काढली, पुन्हा अडकवली. या वेळी जरा सावकाश. चालत आल्या, पट्टीवर थांबल्या. काका पडद्याकडे नाही, त्यांच्या पावलांकडे बघत होते.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. या वेळी ती खोलीतच उभी होती, आणि पडद्याकडे न बघता इंचकाकांच्या हाताकडे बघत होती. कॅमेरामनही तिकडेच बघत होता, दिवेवालाही, बाईही. बोटं म्हणत होती, बरोबर आहे. काकांनी हात मांडीवरच ठेवला.