आई मावशीवर रुसली आहे

आज दुपारी आयसीयूत आईला भेटून आले आणि तेव्हापासून मला काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहिते.

आईच्या हृदयाची झडप बदलली आहे. परवा इथेच शहरात, कोठी भागात राहणारी माझी शालूमावशी, आईची धाकटी बहीण, अचानक गेली. डॉक्टर म्हणाले, आईला इतक्यात धक्का नको. दादा म्हणाला, घरी आणल्यावर सांगू. मीही मान डोलावली.

आज आत गेले तर आईचा पहिला प्रश्न, "शालूचा फोन आला?"

"तिला ताप आहे गं."

"तापात तोंड बंद होतं का? तिच्या बगाऱ्या वांग्यांच्या भाजीला मी नावं ठेवली ना, तेच धरून बसली असेल. इथं माझी छाती उघडली, तरी हिचा रुसवा आहेच! आता तिनं फोन केला तरी मी घेणार नाही."

बोलताना आईला धाप लागली. नर्स धावत आली, "अम्मा, गुस्सा नक्को करो, बीपी बढ जाता." मला बाहेर जायला सांगितलं.

गेली त्या दिवशीही मावशीनं मला फोन करून विचारलं होतं, "ताई जेवली का?" आणि आई तिच्यावरच चिडली आहे.

दादा म्हणतो, "चिडू दे, रडण्यापेक्षा बरं." मला हे पटत नाही, पण खरं सांगायचं धाडसही होत नाही.

उद्याही आत मीच जाणार आहे. आई विचारणारच. तुम्ही काय सांगितलं असतं?