आप्पांसमोरचा मेकअप

आमच्या मुलीने लग्नाला होकार दिला तोच अट घालून. मेकअप केडगावच्या मॅडमच करणार. मुलगा कसा, घर कसं, याची चौकशी करण्यात आम्ही गुंतलो होतो आणि ही मोबाईलवर त्या मॅडमचे व्हिडिओ बघत होती. काष्टीच्या शाळेत पोरं शिकवण्यात माझा जन्म गेला, तोंडाला पावडरीपलीकडे कधी काही लागलं नाही. माझं डोकं फिरलं. "देवानं दिलेल्या तोंडावर गिलावा कशाला?" असं मी तिला म्हटलंसुद्धा. पण कॉलेजात असताना पुटकुळ्यांवरून पोरींनी हिला फार छळलं होतं. फोटो काढायचा म्हटलं की ही सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहायची. ते आठवलं आणि मी विषय सोडून दिला.

लग्नाआधी एकदा मेकअप करून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. आम्ही मायलेकी केडगावला जाऊन ट्रायल करून आलो. पोरगी तेच तोंड घेऊन ऐटीत अंगणात शिरली. माझी जाऊ ज्वारी निवडत होती, ती सूप टाकून उठली. "अगं बया, वळखूच येईना पोरगी!" म्हणत तिने कानशिलावर बोटं मोडली. आमच्याकडे मेकअपला याहून मोठी शाबासकी नाही.

बाजेवर माझे यजमान बसले होते. तेही उठले. डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले आणि पोरीला म्हणाले, "या ताई, बसा. कुनाकडं आलाव?"

जाऊ हसली. पोरगीही आधी हसली, मग न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

यजमानांना विसरण्याचा आजार होता. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात एकदा बघितलेला बैल पाच-सहा वर्षांनीही खूण सांगून ओळखणारा हा माणूस. त्याच्या मनातून आधी पाहुणे गेले, मग शेजारी, मग सख्खा भाऊ. पोरगी मात्र राहिली होती. ती पुण्याहून नोकरीवरून आली की हे लांबूनच "आलं का बाळ?" असं म्हणायचे. त्या एका हाकेवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

रात्रीच्या जेवणाला ती सुजलेल्या डोळ्यांनी बसली. म्हणाली, "आई, कन्यादानाच्या वेळी आप्पा मला कुणी परकी बाई समजून देऊन टाकतील."

"मग नको तो मेकअप. मी फोन करून सांगते त्या बाईला."

"मला मेकअप पण पाहिजे," ती म्हणाली आणि ताटावरच रडायला लागली. मला तिचा राग आला आणि तिच्याहून जास्त कीव आली. दोन्ही पाहिजे म्हणण्यात तिचं काय चुकलं होतं? लग्न काही रोज होत नाही.

मग मीच विचार केला. नजरेआड तोंड बदललेलं माणूस यांना ओळखू येत नव्हतं, पण समोर बसलेलं मनातून जात नव्हतं. म्हणजे पोरीचं तोंड यांच्या डोळ्यांदेखतच बदलायला पाहिजे. कोऱ्या तोंडापासून शेवटच्या टिकलीपर्यंत. मॅडमना फोन लावला, तर त्या उखडल्या. "काकू, मी खोलीत नवरीच्या आईलासुद्धा बसू देत नाही. माणसं सूचना करत बसतात, माझा हात बिघडतो." मी म्हटलं, हे सूचना करणार नाहीत, आणि केल्या तरी तुम्हाला कळायच्या नाहीत. मग यांच्या आजाराचं सांगितलं. "बरं, आणा काकांना," त्या म्हणाल्या. "पण चहा-बिस्किटं आत नाहीत."

लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत यजमानांना खुर्ची टाकून बसवलं. बायकांना ते अजिबात आवडलं नाही. नवरीच्या खोलीत पुरुषमाणूस, ही कुठली रीत? जावेने तर तोंडाला पदर लावला. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

मॅडम लेप लावत होत्या, पुसत होत्या, ब्रश फिरवत होत्या. हे गुडघ्यावर हात ठेवून बघत होते. पोळ्याला बैल सजवताना जसं तब्येतीत बघायचे, अगदी तसं. मध्येच म्हणाले, "डाव्या अंगाला कमी पडलंय." मॅडमनी डोळे वटारले, मग वाकून बघितलं आणि हसत हसत डाव्या गालावर ब्रश फिरवला. पापण्या चिकटवताना मात्र हे अस्वस्थ झाले. "लई झालं आता. लेकरू गुदमरंल," म्हणाले. पोरगी जरा जरा वेळाने डोळे उघडून विचारायची, "आप्पा, मी कोण?" आणि हे वैतागून म्हणायचे, "बाळ हायस, आनखी कोन?"

नथ घातली, मुंडावळ्या बांधल्या, मॅडम बाजूला झाल्या. हे खुर्चीतून उठले, पोरीच्या हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाले, "ऊठ बाळा, पाव्हनं खोळंबलं असतील." मला रडू फुटलं. पोरीचेही डोळे भरले. "काजळ! काजळ!" म्हणून मॅडम ओरडल्या, पण त्यांचाही आवाज काही धड नव्हता.

माझ्या भावाने यजमानांना फेटा बांधायला नेलं. मी सुटले एकदाची, असं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही बसा. पॅकेजमध्ये आईचा मेकअप असतोच." मी नको नको म्हटलं, पण ते वरवरचंच होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं तोंड हातात घेऊन निरखत होतं. त्यांनी माझा चष्मा काढून ठेवला, भुवया रेखल्या, माझ्या चार केसांत गंगावन घालून भला मोठा अंबाडा बांधला. आरशाला नाक लावून बघितलं तेव्हा मलाच लाज वाटली, इतकी मी बरी दिसत होते. जाऊ आत डोकावली आणि तिने माझ्यावरूनही बोटं मोडली.

अक्षता पडल्या तेव्हा हे पुरुषांत होते, मी बायकांत. मग कन्यादानासाठी भटजींनी आम्हाला पाटावर बोलावलं. पोरगी आणि जावई समोर बसले होते. मी यांच्या उजव्या हाताला बसले. भटजींनी यांचं उपरणं माझ्या पदराला बांधायला घेतलं, तसं यांनी ते ओढून घेतलं.

"ह्या बाई कोन?"

माणसं हसली. त्यांना वाटलं, चेष्टा चालली आहे.

"बाई, तुमी उठा," हे मला अगदी सभ्यपणे म्हणाले. "ही जागा आमच्या मंडळीची हाय."

पोरगी पुढे वाकली. "आप्पा, आईच आहे ती."

"न्हाई बाळा. तुझी आई अशी न्हाई." मग भटजींकडे वळून म्हणाले, "तिला येऊ द्या. तिच्याबिगर मी पोरीचा हात देनार न्हाई."

हसणं थांबलं. मी उठले ते कसं, मला आठवत नाही. हात धुवायच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, साबण घासला, पण ते पक्कं काम काही सुटेना. तेवढ्यात मॅडम तेलाची बाटली आणि कापूस घेऊन पळत आल्या. स्वतः केलेलं सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून काढलं. भुवया गेल्या, ओठ गेले, गंगावन निघालं. मी तशीच उभी राहून रडत होते, आणि खरं सांगते, ते दुःखाचं रडणं नव्हतं. गेलं वर्षभर यांनी मला कशानेच हाक मारली नव्हती. गोळी दिली की घ्यायचे, ताट वाढलं की जेवायचे. मी पोरीसाठी एवढी धडपड केली, पण माझ्या तोंडाचा विचार मनात आला नाही, कारण यांच्या लेखी मी केव्हाच पुसली गेले आहे, असं मी धरून चालले होते.

चष्मा लावून, तेलकट तोंडाने, ओल्या पदराने मी सगळ्या मांडवातून परत आले. हे पाटावर हटून बसले होते, पोरीचा हात मुठीत गच्च धरून. मला बघितलं आणि जरा सरकून जागा केली.

"कुठं गेल्तीस? कवाधरनं वाट बघतोय," म्हणाले, आणि उपरण्याचं टोक स्वतःच माझ्या हातात दिलं.