धाकट्या भावाशेजारची जागा

वडील माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते, आणि मलाही तिथंच चिकटवायचं हे त्यांच्या मनात केव्हाच ठरलेलं होतं. मी पाळकाच्या शिक्षणाला जातो म्हटलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"इथी नोकरी लागून राह्यली, आन् तू पादरी होतो म्हणतं? काऊन?"

"मला माणसांत राहायचंय," मी म्हणालो.

"मंग खाणीत काय बकऱ्या हायेत?"

आई हसली, तिच्या पाठोपाठ वडीलही हसले. त्या हसण्यालाच मी परवानगी समजलो आणि गेलो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

पाळकीय शिक्षणात आम्हाला ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवत, ग्रीक शिकवत, प्रवचनाची बांधणी शिकवत. त्यातलं ग्रीक मी परीक्षा झाल्याबरोबर विसरलो. अंगात मुरला तो आमच्या एका वयस्क सरांचा तास. ते स्वतः खेड्यापाड्यांत पाळक म्हणून राहून आलेले होते. ते आम्हाला वर्गात ओळीनं गुडघे टेकायला लावायचे आणि एकाच्या हातात रिकामा प्याला द्यायचे. ख्रिस्तानं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेते. त्याला आम्ही प्रभुभोजन म्हणतो. त्याचा सराव चालायचा. प्याला द्यायचा, परत घ्यायचा, पांढऱ्या फडक्यानं कड पुसायची, प्याला जरासा फिरवायचा आणि पुढच्याला द्यायचा. कोणाच्या वेळी फडकं जोरात फिरलं की सर थांबवायचे. "माणूस बदलला म्हणून हात बदलायचा नाही," असं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून करून घ्यायचे.

घरभेटींचा त्यांचा धडा आणखी साधा होता. कोणाच्याही घरी गेलात की आधी पाणी मागून प्या, तहान नसली तरी. प्रार्थना त्यानंतर.

दीक्षा झाली आणि मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीकडची काही गावं सांभाळायला मिळाली. धानाचा मुलूख, सायकलचा प्रवास. बायकोनं आणि मी ज्या गावात बिऱ्हाड केलं तिथलं चर्च म्हणजे मातीच्या भिंती, कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, छप्पर आणि पुढं लांब वऱ्हांडा. आत एका बाजूला पुरुषांच्या चटया, दुसऱ्या बाजूला बायकांच्या.

पहिल्याच रविवारी भजन सुरू झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्यांत मोठा आवाज बाहेरून येतोय. खर्जातला, भरदार आवाज. आतली मंडळी चाल चुकली की तो आवाज त्यांना ओढून जागेवर आणायचा. उपासना संपल्यावर मी बाहेर आलो. वऱ्हांड्याच्या कडेला पोत्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. मला पाहून ते उठले, हात शालीत घेतले आणि दोन पावलं मागं सरले.

हे आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या मुख्य पंचांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना मी थोरले म्हणेन आणि पंचांना धाकटे. थोरल्यांना महारोग झाला होता. बरीच वर्षं ते दूरच्या दवाखान्यात राहिले. पूर्ण बरे होऊन माझ्या आधी काही महिनेच ते घरी परतले होते.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि पाणी मागितलं. त्यांच्या बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं.

"आमच्या घरचं कोणी पेत नाई, पादरीसाब."

"मी पितो. उन्हात सायकल मारत आलोय."

स्वच्छ असलेला लोटा त्यांनी पुन्हा राखेनं घासला, भरून आणला आणि मी पिईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मग मात्र त्या खाली बसल्या आणि त्यांचं बोलणं थांबेना. दीर चांगला आहे, सणाला डबा येतो, आजारपणात धावून आला, पण घरात कोणी टेकत नाही. पुतणी तेवढी येते, तीही आईची नजर चुकवून.

थोरल्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडलेली होती. "डॉक्टर म्हणले, आता तुह्यापासून कोणाले काही होत नाई," ते म्हणाले.

"मग बाहेर का बसता?"

"मले बाहेर बस असं कोणी म्हणलं नाई. पण आत ये असंही कोणी म्हणलं नाई."

नव्या धानाच्या सणाला, हंगामाच्या उपासनेला, माझ्या हातचं पहिलं प्रभुभोजन व्हायचं होतं. मी म्हणालो, तुम्ही यायचं. लोकांची भीती मला कळत होती म्हणून मी मार्गही सुचवला. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी या. उरलेला रस पाळकानंच प्यायचा असतो, तो तुमच्यानंतर मी पिईन.

त्यांनी मान हलवली. "मले शेवटी बसवू नोका. माही जागा हाये ना आत. धाकट्याच्या बाजूले, खिडकीजवळ. लहानपणापासून तिथीच बसत होतो. तिथी बसवत असान तर येतो. नाई तर वऱ्हांडा बरा हाये."

परतताना दोन शेतांमधल्या धुऱ्यावरनं सायकल हातात धरून चालत होतो. त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे घर येण्याआधीच मला पटलं. ते दया मागत नव्हते. स्वतःची जागा मागत होते, आणि ती देणं माझं काम होतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती मनुका निवडत बसली होती. भिजवून, उकळून, गाळून प्रभुभोजनाचा रस तीच करणार होती. "मग ठरलं तर," एवढंच ती म्हणाली.

पंचांची बैठक धाकट्यांच्या ओसरीवर झाली. धाकटे समंजस माणूस. गावात त्यांचा शब्द चालायचा. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"शहरातल्या काही चर्चमध्ये छोट्या छोट्या पेल्या असतात," ते म्हणाले. "सगळ्यायले वेगळी. मी आणतो. कोणाचं मन दुखत नाई, कोणाले भेव नाई."

सगळ्यांना हायसं वाटलं. सूचना सभ्य होती, आणि शहरात मी तशा पेल्यांतून स्वतः रस घेतलाही होता.

"दुसऱ्या कुठल्या वर्षी आणल्या असत्या तर मी हो म्हटलं असतं," मी म्हणालो. "याच वर्षी का आणल्या असं लेकरांनी विचारलं, तर काय सांगायचं?"

बैठक उठली तेव्हा धाकट्यांनी मला थांबवून घेतलं.

"माह्या पोरीचं जमून राह्यलं, पादरीसाब. ब्रह्मपुरीकडचे पाव्हणे सणालेच येणार हायेत तिले पाहाले. त्यायले भावाच्या रोगाचं माहीत नाई." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तो माहा भाऊ हाये. त्याले दवाखान्यात सोडून आलो तवा रस्ताभर रडलो मी. पण पोरगी बी माहीच हाये."

मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. सोयरीक मोडणार नाही अशी हमी मला देता येत नव्हती, आणि खोटी द्यायची नव्हती. "तुमच्यावर काय येईल हे मला कळतंय," मी म्हणालो. "पण त्यांना वऱ्हांड्यातच बसा असं मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका." ते उठून आत निघून गेले.

पुढचे दिवस मी घरोघर फिरलो. महारोगावरच्या नव्या गोळ्या जिल्ह्यात येऊ लागल्या होत्या. त्या वाटणारे सरकारी कर्मचारी माझ्या विनंतीवरून एकदा आले आणि बरा झालेला माणूस रोग देत नाही हे त्यांनी चर्चच्या वऱ्हांड्यात उभं राहून सांगितलं. लोकांनी ऐकलं. किती जणांनी मानलं ते दिसायचं होतं. मला मात्र शंका नव्हती. वय तेव्हा जेमतेम सव्वीस, पण काय करायचं आहे हे इतकं स्पष्ट मला आयुष्यात फार थोड्या वेळा दिसलं आहे.

सणाच्या सकाळी चर्च धानाच्या पेंढ्यांनी आणि भोपळ्यांनी भरलं होतं. कोणीतरी अर्पण म्हणून आणलेला कोंबडा पायाला दोरी बांधून कोपऱ्यात ठेवला होता. तो ऐन प्रार्थनेत आरवायचा आणि लेकरं हसायची. ब्रह्मपुरीचे पाहुणे त्यांच्यासाठी मागे मुद्दाम ठेवलेल्या बाकावर होते.

थोरले आले. धुतलेला पांढरा सदरा, बायको मागे. उंबऱ्याशी क्षणभर थांबले. मी वेदीजवळून मोठ्यानं म्हणालो, "या, जागा आहे." ते चालत गेले आणि खिडकीजवळ धाकट्यांच्या शेजारी बसले. धाकटे सरकले नाहीत, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

भजनं झाली, प्रवचन झालं. प्रभुभोजनासाठी मी पुरुषांच्या पहिल्या ओळीला पुढं बोलावलं. दोन कुटुंबं उठून बाहेर गेली. थोरले उठले, पुढं आले आणि त्यांनी गुडघे टेकले. धाकटे बसून राहिले. ओळीत थोरल्यांच्या शेजारी एका माणसाची जागा तशीच मोकळी राहिली.

मी भाकरीचं ताट घेऊन उभा होतो. घाई केली नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं धाकट्यांची मुलगी उठली. तिच्या आईनं पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. सगळ्यांच्या देखत ती पुरुषांच्या ओळीत आली.

"मोठेबाबा, थोडं सरका," ती म्हणाली.

ते सरकले. ती मोकळ्या जागेत गुडघे टेकून बसली.

भाकर दिली. मग प्याला थोरल्यांच्या ओठांशी नेला. आखडलेल्या बोटांना तो नीट धरवेना, म्हणून खालून मी हात दिला. त्यांनी घोट घेतला. मी कड पुसली, इतरांच्या वेळी पुसली तेवढीच. प्याला जरासा फिरवला आणि मुलीला दिला. ती प्याली. तिच्या पुढचा म्हातारा तिच्याकडं बघत राहिला आणि मग त्यानंही घेतला. कोंबडा पुन्हा आरवला, पण या वेळी कोणी हसलं नाही.

ओळीमागून ओळी येत गेल्या. सगळ्यात शेवटी, सर्व जण जागेवर परतल्यावर, धाकटे एकटे उठून आले. प्याला त्यांनी दोन्ही हातांत धरला. मग प्यायले. त्यांच्या हातून प्याला घेताना मला तो ओढून घ्यावा लागला, इतका त्यांनी घट्ट धरला होता. उरलेला रस मी प्यालो.

उपासनेनंतर जेवणाच्या पंगतीत पाहुण्यांनी सरळ विचारलं, ते आखडलेल्या बोटांचे गृहस्थ कोण?

"माहा सख्खा भाऊ," धाकटे म्हणाले. "महारोग झाला होता. आता बरा हाये."

पाहुण्यांनी जेवण केलं, आभार मानले आणि गेले. त्यांच्याकडून निरोप कधी आला नाही.

धाकटे माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. चर्चचं कोणतंही काम त्यांनी चुकवलं नाही, फक्त ओसरीवर बोलावणं बंद झालं. मला ते लागायचं. पण जे केलं ते पुन्हा करायची वेळ आली असती तर मी तसंच केलं असतं. मुलगी मात्र येता-जाता हसायची. "पादरीसाब, मले असल्या घरात जायाचंच नव्हतं," असं एकदा तिनं माझ्या बायकोसमोरच मला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एका शाळामास्तराचं स्थळ आलं, तेव्हा बघण्याच्याही आधी धाकट्यांनी स्वतः जाऊन भावाची सगळी हकीकत सांगितली. लग्न मीच लावलं. त्या दिवशी मांडवात धाकट्यांनी माझा हात धरून मला पंगतीत स्वतःच्या बाजूला बसवलं.

बाहेर गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक नाताळला परत आलं. दुसरं आलं नाही. मी त्यांच्याकडं जात राहिलो, ते चहा देत राहिले.

पुढं माझी बदली आलापल्लीकडं झाली. पुष्कळ वर्षांनी मी नव्या पाळकांना शिकवूही लागलो. मंडळीनं गावासाठी काय करावं, शाळा काढावी की दवाखाना, असं विद्यार्थी विचारत. दोन्ही काढा, मी म्हणायचो, पण आधी दाराबाहेर कोण बसलंय ते बघा. याहून जास्त मला त्या विषयावर सांगता आलं नाही आणि त्याची गरजही वाटली नाही.

सावलीकडचं ते गाव सोडण्याआधी पंचांची निवड झाली. हात वर करून मत द्यायचं. थोरल्यांचं नाव धाकट्यांनी सुचवलं आणि ते निवडून आले. त्यांच्या पहिल्याच बैठकीत मी छपराचा विषय मांडला. कवेलू दर साली फुटतात, टिनाचे पत्रे टाकू, असं माझं म्हणणं होतं. सगळे तयार होते. थोरले उभे राहिले.

"नोका," ते म्हणाले. "पावसाच्या पाण्यात टिन वाजते. भजन कोणाले ऐकू येईन?"

मी बरंच समजावलं. ते ऐकेनात. दुपारभर वाद झाला, एकेक जण त्यांच्या बाजूला गेला आणि शेवटी मत घेतलं, तेव्हा माझ्या बाजूनं माझा एकट्याचा हात वर होता. छपरावर कवेलूच राहिले.